डोळा कुठे आहे

कुडचड्याच्या बाजारात माझं दुकान, पाटी जुनीच:
रेडिओ, टेप, मिक्सर, डिश.
शेवटचा रेडिओ कधी आला ते विचारू नका.

हा नवा डबा बघा.
तळहातावर ठेवला तर
माझी आयुष्यरेषासुद्धा पुरती झाकत नाही.
वजन दोन उकडलेल्या अंड्यांचं.
त्याच्या पाठीत खुपसायच्या तीन तारा:
छतावरून येणारी जाड, टीव्हीकडे जाणारी त्याहून जाड,
आणि अडॅप्टरची, जी नेहमी वीतभर कमी पडते.
तारा ओढतात. डबा मागे कलंडतो,
आणि त्याचा डोळा, ज्याला रिमोट दिसायला हवा,
कौलं मोजत बसतो.

गिऱ्हाईक म्हणतं, रिमोट गेला.
मी सेल काढतो, फुंकर मारतो, परत घालतो,
कारण काहीतरी केलेलं दिसावं लागतं,
आणि मग हळूच डबा सरळ करतो.
याचे पैसे मी घेत नाही.
कधी कधी घेतो.

कुणीतरी बसून हा आखला असणार,
गुळगुळीत टेबलावर, एकही तार न जोडता.
फिरवून फिरवून बघितला असणार.
समोरचं बटण काढलं, ते उठून दिसत होतं.
आकडे काढले.
उरला एक लाल ठिपका,
डबा चालू असताना लाल, बंद असताना
किंचित कमी लाल.
रिसेटचं भोक पोटाखाली,
त्यात जाते फक्त माझ्या बायकोच्या कुडीची दांडी.
ती कुडी आता दुकानातच असते,
आणि दुसरी घरी, रागावून.

चांदरला एस्पेरान्सा बाईंकडे जुना डबा मीच काढला.
केवढा थोरला होता! पितळेची समई पेलली असती त्याने.
वर त्यांचं मांजर झोपायचं, उबेला.
समोर हिरव्या आकड्यांत वेळ,
अंधारात खाटेवरून दिसणारी.
मुलगा जहाजावर, त्याचा फोन पहाटे चारला.
नवा डबा मी लावला, तशा बाई जवळ आल्या,
बोटाने त्याचं कपाळ चाचपलं.
"पयलीं हांगा वेळ दिसतालो, मरे."
म्हटलं, बाय, आता वेळ मोबाईलवर.
त्यांनी मोबाईलकडे बघितलं
जसं शेजाऱ्याच्या कुत्र्याकडे बघतात.
मांजराने डबा हुंगला,
एक पाय ठेवला, दुसऱ्याला जागा नव्हती.

पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावणं.
मनात म्हटलं, कलंडला असणार.
गेलो तर डबा ताठ बसलेला, समोर बघत.
खाली चिऱ्याचा तुकडा,
कुंपण बांधताना उरलेला, तांबडा, भोकाभोकांचा,
आणि डबा त्याला बांधलेला
परकराच्या नाडीने, सुरगाठ मारून.
रिमोटवर दोनच बटणांना नेलपॉलिशचे उंचवटे,
आवाजाचं एक, चालूबंदचं एक.
बाकीची बत्तीस जणू नाहीतच.

मग मला कशाला बोलावलं?
त्यांनी कपाटातून घड्याळ काढलं, चावीचं,
नवऱ्याने मोझांबिकहून आणलेलं.
"रेडिओ करतोस, तर हेही करशील."
तीन दिवस लागले. दात्यांत वाळलेली मुंगी होती.
आता ते चिऱ्यावरच असतं, डब्याला खेटून,
आणि पहाटे पावणेचारला
दोघांपैकी एकजण तरी बोलतो.

माझ्या काउंटरखाली हल्ली चिऱ्याचे तुकडे असतात,
कानशीने घासून मापाचे केलेले. डब्याबरोबर फुकट.
पोरं हसतात, म्हणतात, अंकल,
कंपनीने हलका केला आणि तुम्ही त्याला धोंडा बांधता.
हसू देत.

एक मात्र आहे.
चिऱ्याची धूळ सुटते, जाळीतून आत जाते,
डबा तापतो, आणि तापला की चित्राचे चौकोन होतात.
त्यावर अजून काही सुचलेलं नाही.
बाईंना विचारायला हवं.