पाच खोडं

जंगल हवं होतं आम्हाला, तेही फुकटात.
ओलोमोउत्सच्या संगीतशाळेच्या गोदामात निघाली
ताडाची दोन कागदी झाडं
आणि कुठल्याशा राजवाड्याचा अर्धा जिना.
क्रिश्तोफ म्हणाला, वेंदुला, तुझे बाबा वनरक्षक ना?

बाबा येसेनिकीच्या डोंगरातून ट्रेलर जोडून आले.
स्प्रूसची पाच खोडं, सोललेली, हाडांसारखी.
"उरलंय ते एवढंच," म्हणाले, आणि दोर सोडू लागले.
तीन उन्हाळ्यांत भुंगेऱ्यांनी अख्खा उतार खाल्ला होता.
लाकडावर त्यांच्या वाटा:
मधे एक सरळ रेघ, दोन्हीकडे बारीक पाय.
हॉर्नवाला वाकून बघत म्हणाला, हे वाजवता येईल.
आम्ही हसलो. बाबा दोर गुंडाळत राहिले.

मी रानडुकरीण.
तीन पानं गाणं, एक मरण,
पोटाला उशी, शेपटीला बाटली घासायचा ब्रश.
तालमीत बाबा शेवटच्या रांगेत, टोपी मांडीवर.
नंतर म्हणाले,
"पिलं मागे असली की ती पळत नाही गं. उभी राहते.
आणि आधी नाक येतं, मग ती."
गाणं शिकवणाऱ्या बाईही हेच सांगतात,
फक्त त्या त्याला अनुनाद म्हणतात.

प्रयोगाला रादिम बेडकाचा एक पाय विंगेतच विसरला.
घुबडाला खोकला झालेला,
तरी तिचा वरचा सूर लागला, कसा कोण जाणे.
शिकाऱ्याची बंदूक लाकडी, बार ढोलाचा.
मी पडले ती पाचव्या खोडाशी,
गाल लाकडाला टेकवून.
तिथे बुडाशी तळहाताएवढी साल राहून गेली होती.

दिव्यांची धग. तिला वाटलं असेल, मे आला.
सालीतून आधी पिठासारखा भुसा सांडला,
मग तो आला, तपकिरी, तांदळाच्या दाण्याएवढा,
आणि माझ्या कागदी सोंडेवर चढला.

सहा वर्षांची असल्यापासून शिकलेय:
दिसला की नखाने चिरडायचा.
पण मी मेलेली होते,
आणि माझ्या अंगावरून सगळं रान
वसंताचं गाणं गात चाललं होतं,
माझी चार पिलंही,
त्यातलं एक बेसुरात, मनापासून.
तो सोंडेच्या टोकाशी थांबला,
पंख उघडून पाहिले त्याने,
आणि प्रकाशात कुठेतरी गेला.

पडद्यानंतर बाबांना सांगितलं.
"जिवंत होता?"
"हो."
"आणि तू मेलेली."
"हो."
गाण्याबद्दल एक अक्षर नाही.
लग्नातला एकुलता एक कोट घातलेले बाबा
रंगमंचावर उकिडवे बसले, खिशातून चाकू काढला.
लोक फुलं घेऊन ताटकळत होते.
त्यांनी साल सावकाश सोलली,
चुरासुद्धा बोटाने टिपून घेतला,
रुमालात बांधला, आणि मला म्हणाले,
दिवा जरा इकडे धर.