विषम गाठी

वडगावातल्या शाळेत मी प्रयोगशाळेचा शिपाई आहे,
माग विकला तेव्हापासून.
तराजूची पारडी पुसतो, नळ्या धुतो,
फळा पुसायच्या आधी फळ्यावरचं वाचतोही.

एकदा काकतकर बाईंनी लिहिलं होतं:
नऊ पूर्णांक आठ दशांश मीटर
प्रति सेकंद प्रति सेकंद.
मला वाटलं, बाईंचा हात घसरला,
एक सेकंद जास्तीचा पडला.
फडक्यानं तेवढाच पुसून ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाई हसल्या.
"भरमाण्णा, तो दुसरा सेकंद म्हणजेच तर सगळा धडा.
पहिला सांगतो, वेग किती.
दुसरा सांगतो, तो दर सेकंदाला किती वाढतो.
तुम्ही पुसलात, आणि पडता दगड
तिथनं पुढं एकाच चालीनं चालायला लागला बिचारा."

मग म्हणाल्या, दोरा आणा, बळकट, आणि बारा नट.
दोरा घरात होताच,
शेवटच्या साडीचा उरलेला ताणा, चार पदरी वळला.
नट उद्यमबागेतून. मेहुणा फाउंड्रीत आहे,
खिसाभर देताना म्हणाला, शाळा पण आता लोखंड खायाली काय?

पहिल्या दोऱ्यात सहा नट, पाच-पाच वितींवर,
अगदी मापात. मापाची सवय हाताला आहे.
गच्चीवरून सोडला.
खाली शिवलीला परात पालथी धरून बसलेली.
खट्…
खट्. खट्, खट्खट्—
जसा नवशिका विणकर
मालकाची चप्पल वाजली की घाईला येतो.

दुसऱ्याचं माप बाईंनी सांगितलं, मी वितींनी मोजलं:
तळापासून एक, चार, नऊ, सोळा, पंचवीस.
म्हणजे मधली अंतरं एक, तीन, पाच, सात, नऊ.
कुठलंच कुठल्याच्या बरोबरीचं नाही.
असलं काम मागावर केलं असतं
तर बापानं धोट्यानं मारलं असतं.

सोडला.

खट् खट् खट् खट् खट्.

शिवलीला मोजत होती, ओंदु, एरडु, मूरु,
शेजारचा राणबा, एक, दोन, तीन,
आणि तिचं ऐदु, त्याचं पाच
परातीवर एकाच वेळी पडलं.
मुलं ओरडली, परत, परत.
मी गच्चीवर तसाच उभा,
रिकामी चिमूट पुढं धरून.

अंतरं विषम, आणि आवाज समेवर.
बाई खाली समजावत होत्या
की सुटताना सगळ्यांचा वेग शून्यच,
वरच्यालाही कुणी काही जादा देत नाही,
वाटेतच जमवत येतो तो,
जेवढा लांबून, तेवढा जास्त.
नट जड असो नाहीतर चिंचोका,
हवेनं अडवलं नाही तर हिशेब तोच.
मला अर्धं ऐकू आलं.
पावडी सोडून पाच वर्षं झाली,
पण उजवा पाय
तालावर हलत होता.

संध्याकाळी दोरा खिशात घालून घरी आणला.
वरचा नट काढून ठेवावा लागला,
आमच्या घराला तेवढी उंची नाही.
माळ्याच्या शिडीवर चढलो.
जिथं मागाचा खड्डा होता तो बुजवून
फरशी घातली आहे, तिथं ताट ठेवलं पालथं.
दिवा लावला नाही.

खट् खट् खट् खट्.

आतल्या खोलीत गंगव्वा झोपली होती.
"अहो," म्हणाली, "मागावर कोण बसलंय?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "पडालंय ते."

थोडा वेळ काहीच नाही.
मग अंधारातून, कूस बदलताना,
"पडू दे की आणि एकदा."