राखेचा राजा

आठ वाजता सेवा केंद्राचं शटर अर्धं खाली येतं.
सातबारे, उत्पन्नाचे दाखले, विम्याच्या पावत्या
रबर लावून बाजूला ठेवते करिश्मा मसराम,
खुर्ची सोडते, म्हणते,
"घ्या. मरा आता."

मग आम्ही मरतो.

दुर्वास कुमरे आधी. त्याला घाई फार.
ढाल उचलायच्या वेळी तो तलवार उचलतो,
शाळेत प्रश्न संपायच्या आत हात उचलायचा तसा.
माझं मरण सावकाश.
हरभऱ्यात शिरलेल्या रानडुकराभोवती फिरावं
तसा मी राजाभोवती फिरत राहतो,
अंतर ठेवून, तोंडानं हुर्र हुर्र करत.

राजा तीन वार करतो. चौथ्याला थांबतो.
वाटतं, दमला.
दमत नाही तो. ते थांबणं हाच वार आहे.
एवढं कळायला एकोणीस मरणं लागली.

चुकलेल्या फॉर्मच्या पाठीवर करिश्मा रेघा मारते,
चार उभ्या, एक आडवी,
काट्यावर कापसाचे गाठोडे मोजतात तशा.
"अठ्ठावन्न," म्हणते. "चहा ठेवू का?"

इंग्रजी आम्हाला निम्मंच लागतं.
एक अंगठी सापडली, तिच्यावर लिहिलेलं,
घालणाऱ्याचं दुःख काहीतरी होईल.
कमी की जास्त, तो शब्दच कळेना.
घालून पाहिली.
जास्त.

बारा वाजता थ्री फेज येते.
पिंपळखुटीच्या शिवारात साऱ्या मोटारी एकदम सुरू,
डीपीवर फ्यूज उडतो
आणि राजाचा दरबार यूपीएसवर येऊन कुईकुई करतो.
यूपीएस चार मिनिटं धरतो.
राजाला मारायला पाच लागतात.

आमच्यात खरा खेळणारा तेजपाल भोयर.
तो आता चाकणला. गाड्यांच्या दारांना रबर बसवतो,
बारा तास, उभ्यानं.
त्याचा गडी अजून दोन नंबरच्या जागेवर सेव्ह आहे:
पातळी एक्केचाळीस, शेकोटीपाशी बसलेला,
जखम नाही, काही नाही, नुसता बसलेला.
जागा तीनच आहेत.
करिश्माच्या भावानं एकदा विचारलं, "हा पुसू काय?"
कोणी बोललं नाही.
तो आपल्या गावी निघून गेला.

कधीकधी उघडतो आम्ही त्याला.
खेळत नाही.
थोडा वेळ शेकू देतो, बंद करतो.

त्या रात्री ओलिताची पाळी माझी होती.
बॅटरी तोंडात धरून दुसरी सरी मोडत होतो
तेव्हा फोन वाजला. दुर्वास. धापा टाकत.
"मेला!"
रात्री दीड वाजता वावरात हा शब्द ऐकला
की आधी घर डोळ्यासमोर येतं.
"कोण मेला बे?"
"राजा!"
"कसा?"
"मायीत नाई. मी पयतच होतो."

चिखलाचे पाय घेऊन शटरखालून शिरलो.
दरबार रिकामा. राख खाली बसत होती.
मागच्या भिंतीत एक दार,
इतक्या मरणांत कधी न दिसलेलं, सताड उघडं.
दुर्वास माउस सोडायलाच तयार नव्हता,
बोटं आखडली होती त्याची.
करिश्मानं फॉर्म उलटा केला, सुलटा केला.
एकशे सात. पुढं काय मारायचं, तिला सुचेना.

तेजपालला व्हिडिओ कॉल लावला.
रात्रपाळीची सुट्टी, पिवळी टोपी, मागं पत्र्याचा आवाज.
"दाखव," म्हणाला.
फोन स्क्रीनसमोर धरला.
किती वेळ पाहत होता, काय माहीत.
कोणीतरी मागून हाक मारली त्याला.
"दारातून जाऊ नोका," म्हणाला.
"संक्रांतीले येतो ना मी."

फेब्रुवारी लागला. हरभरा घाट्यावर आला.
आठ वाजता करिश्मा म्हणते, "घ्या. मरा आता,"
आणि आम्ही दाराकडं पाठ करून
मागं पार पुलापर्यंत जातो,
जिथं साधे भालेवाले उभे असतात,
आणि त्यांच्या हातून मरून येतो.