काटा

वखारीत तेवीस वर्षं काट्यावर होतो मी.
तंबाखूचं बोद चढवायचं, वजन सांगायचं, पावती फाडायची.
निपाणीत आता तेवढी बोदं येत नाहीत,
काटा भंगारात गेला, वही राहिली.
तिच्या कोऱ्या पानांवर मी स्कोअर लिहितो.

मालकाच्या नातवानं फरशी घासून घेतली,
वर पिवळ्या रेषा मारल्या.
रंग नाक्यावरच्या बोर्डाचा, उरलेला.
तो बोर्ड तीनदा रंगवला, दोनदा कुणीतरी काळं फासलं,
मग पेंटरनं कंटाळून डबा आम्हाला दिला.
ह्या रेषा मात्र अजून कुणी पुसल्या नाहीत.

छपराखालचा फुटबॉल. पाच इकडं, पाच तिकडं.
चेंडू जड, फार उसळत नाही.
भिंतीवर आदळला की फटींतनं
जुनी भुकटी उडते अजून
आणि पाहुण्यांच्या गोलीला नेमकी तेव्हा शिंक येते.
त्यांना वाटतं, आमचा डाव आहे.

घड्याळ माझ्याकडं.
चेंडू रेषेबाहेर गेला, बटण दाब.
आत आला, सोड.
अशी वीस मिनिटं चाळीस होतात.
मधला वेळ कुठं जातो, मी विचारत नाही.
आमच्या भागात
काही घड्याळं माझ्या जन्माआधीच थांबवलेली,
बटणावर बोट कुणाचं, अजून कळलेलं नाही.

मगदुमांचा सुकुमार ह्याच गोलात उभा राहिला.
नाव सुकुमार, आणि गुडघे बघाल तर
खडीच्या रस्त्यासारखे.
त्याच्या पुढ्यात खेळायचा शिद्धाप्पा, चिक्कोडीकडचा.
त्याला मराठी कळायची,
पण बसल्यावर. पळताना नाही.
म्हणून सुकुमार त्याच्याच बोलीत ओरडायला शिकला:
हिंद! हिंद!
म्हणजे मागं.
बघ, तुझ्या मागं माणूस आहे.

परवा तो देशाकडनं खेळला.
कुठल्या तरी थंड शहरात, लाकडी फरशीवर,
अंगात निळा शर्ट, पाठीवर एक नंबर.
इथं पहाटेचे अडीच.
आम्ही भिंतीला चादर लावली, वर चित्र सोडलं.
विड्या वळणाऱ्या बायका सुपं घेऊनच आल्या,
हात थांबवायला कुणाला परवडतंय.
त्याची आई खांबाआड बसली,
गोल झाला की ती डोळे मिटायची,
चार वेळा मिटले मध्यंतरापर्यंत.

मग समोरचा एक उंच गडी डावीकडनं सुटला
आणि सुकुमारचा आवाज आला, चादर फाडून यावा तसा,
हिंद! हिंद!

समालोचन करणारा भारावलाच.
म्हणाला, बघा, संकटातही ओठांवर देशाचंच नाव!
वखारीत असा हशा पिकला
की पत्र्यावरची कबुतरं उडाली.
पण त्या लांबच्या फरशीवर
मिझोरामचा एक पोरगा त्या हाकेला वळला,
बरोब्बर वेळेवर,
पाय घातला, चेंडू काढला.
त्याला कुणी शिकवलं असेल?
कधी? जेवताना? बसमध्ये?
माझ्या अंगावर काटा आला,
आणि हे वजन कशात तोलायचं ते सुचेना.

पुढं आपण दोन मारले, त्यांनी आणखी एक.
मी हातातलं घड्याळ पाहिलं.
परक्या मॅचला मी बटण दाबत होतो सारा वेळ,
त्यांच्यापेक्षा अकरा सेकंद मागं.

वही उघडली. आवक, दोन. जावक, पाच.
तुटीच्या रकान्यात तीन लिहून सही केली.
बायका सुपं उचलून निघाल्या, कुणीतरी चादर सोडवली.
फक्त शिद्धाप्पा,
जो आता उसाचा ट्रॅक्टर हाकतो आणि खेळत नाही,
दाराशी उभा होता तसाच,
मान वळवलेली,
मागं बघत.