चौदा मिलीमीटर

गाडी दोघांची. पत्रा पास्कूचा, इंजिन भिवाचं,
गिअरबॉक्स अर्धी अर्धी वर्गणी काढून घेतलेला,
तोही भलत्याच कंपनीचा.

वेंगुर्ल्याच्या बंदरामागे, बर्फाच्या कारखान्याला लागून
माझं लेथ.
दोघांचं काम माझ्याकडे,
म्हणून दोघांचं भांडणही माझ्याकडे.

भिवा कुबलला आडवं इंजिन हवं होतं:
चार पिस्टन, दोन इकडे, दोन तिकडे,
पाठीवर पडून एकमेकांकडे पाय झाडणारे.
"वजन तळाक व्हया.
होडयेत नीरम खय भरतत? डोलकाठयेर?"
आणि मोचेमाडच्या घाटीतलं तिसरं वळण
हातातल्या पान्यानं हवेत घेऊन दाखवायचा.

पास्कूला एका ओळीत उभी सहा.
"आडव्याचो प्लग बदलूचो तर हात खयसून घालतलस?"
हे खरं कारण नव्हतं. कारण बॉनेट होतं,
इसवणीच्या तोंडासारखं लांब, निमुळतं.
लाकडी हातोडीनं नऊ रात्री बसून
त्यानं ते आधीच ठोकून ठेवलं होतं,
कुणाला न विचारता.

मग पंधरा दिवस गॅरेज एक, चहा दोन.

शेवटी ठरवलं ते दोघांनीही नाही.
कोल्हापूरच्या भंगारात एक आडवं निघालं,
मागून ठोकलेल्या गाडीचं, पुढचं सगळं शाबूत, आणि स्वस्त.
पास्कू काही बोलला नाही.
बॉनेटही कापलं नाही.

इंजिनाच्या भोकाला गिअरबॉक्सचं भोक जुळेना.
मधली प्लेट मी कापली: अॅल्युमिनियम, चौदा मिलीमीटर,
अकरा भोकं.
त्यातलं एक चुकलं, ते भरून पुन्हा पाडलं.
हे मी दोघांनाही सांगितलेलं नाही.

आता बॉनेट उघडलं की पुढे
दीड हात जागा मोकळी दिसते,
न आलेल्या दोन सिलिंडरांची.
भिवा एकदा म्हणाला, हयसर पाण्याची टाकी बसवूया.
"रवांदे," पास्कू म्हणाला,
आणि फडक्यानं ती जागा पुसली.
तिथं पुसण्यासारखं काही नव्हतं.

परवा रात्री गाडी माझ्या दारावरून शिरोड्याकडे गेली,
जमिनीलगत ढबढबत.
कोण चालवत होता, दिसलं नाही.
बर्फाचं मशीन बंद होतं, समुद्रही ओहोटीला.
मी दिवा न लावता बसलो,
तिसऱ्या वळणापर्यंत कान लावून,
त्या एका भोकासाठी.