रफार

वैतींनी कार्डाचा फोटो पाठवला.
काळी चौकट, खाली दहाव्याची वेळ, बाणगंगा,
आणि मधोमध, ठळक:
कै. पावती

"दोनशे छापून झाली," फोनवर म्हणाले,
"पार्वतीबाईंची पावती फाडलीत तुम्ही."
ओरडले नाहीत. मागे वरळीच्या गाळ्यात
कटर कागद कापत होता, खर्रकन, थांबून, खर्रकन.

एडिटर फुकटचा. पण बाहेरच्या स्क्रिप्टने
त्याला हुकूम द्यायची खिडकी मी बांधलेली,
कन्नमवार नगरात, जेवणाची ताटं बाजूला सारून.
वैतींच्या भाच्याने तिच्यातून एवढंच सांगितलं होतं:
ओळीच्या शेपटीच्या रिकाम्या जागा काढ.

दोन रात्री फॉन्टला शिव्या दिल्या.
तिसऱ्या रात्री बोटं धरून मोजायला बसले.

स्क्रिप्ट मोजते डोळ्याने, शून्यापासून:
कै, टिंब, जागा, पा, र्व, ती.
पुढे सहा आणि सात, दोन रिकाम्या जागा. पूस.

एडिटर मोजतो कोठारातलं:
क, दोन मात्रा, टिंब, जागा, प, काना.
पुढे सहा: र.
सात: त्याचा पाय मोडल्याची खूण.
पुसलं. सांगितलं तेच पुसलं.

दोघांचंही गणित बरोबर.
निरोप मी नेला, आकडा तसाच,
कुणाच्या मापाचा ते न विचारता.

शिरोडकरबाई दुसरीत सांगायच्या,
रफार आधी म्हणायचा, नंतर काढायचा.
कोठारातही तो व च्या आधीच बसलेला असतो.
डोक्यावर दिसतो तो आपल्याला.

दुरुस्ती एका ओळीची.
माप बदलून मग पुढे दे, बस.
तिच्याखाली एक चाचणी लिहिली:
कै. पार्वती, आणि शेपटीला मुद्दाम दोन रिकाम्या जागा.
आता कुणीही काही बदललं की
कुठलं तरी यंत्र त्या दोन जागा पुसतं
आणि बाईंचं नाव वाचून बघतं.
त्या कोण, कुठल्या, मला माहीत नाही.

सकाळी वैतींना फोन केला, नवीन आवृत्ती घ्या.
"घेतो," म्हणाले. "कार्डं गेली कालच.
मी न् भाचा बसलो बॉलपेन घेऊन,
पा ला काना होताच,
व च्या डोक्यावर एकेक काढत गेलो. दोनशे.
शंभरानंतर हात बसतो."
मग जरा थांबून,
"बरं, आता हर्षदाचं लग्न आलंय छपाईला.
चालेल ना?"