रीडिंग

चौतीस वर्षं लोकांच्या घरांचे आकडे लिहिले, मृणाली,
दारातल्या दारात, आत न जाता.
महालातले बोळ, नंदनवनच्या गल्ल्या,
मे महिन्यात डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा.
आता बेसाला तुझा फ्लॅट झाला, वीस वर्षांचं कर्ज.
वास्तुशांतीला लोक घड्याळं आणतील.
माझ्याकडे ही रीडिंगं आहेत.

किल्ली तुळशीखाली ठेवू नको.
मला अख्ख्या वॉर्डाच्या किल्ल्या माहीत होत्या:
तुळशीखाली, मीटरच्या डब्यावर,
चपलांच्या रॅकमध्ये डाव्या बुटात.
मी भला होतो असं काही नाही,
मला पुढच्या घरी जायची घाई होती.

गावाला जाशील तेव्हा पेपर बंद कर.
दारात पडलेले चार पेपर म्हणजे
मालक घरी नसल्याची पाटी.
समोरच्या ढोबळे बाईंशी बोलत जा, भांडण झालं तरी.
कुलूप कंपनीचं असतं, लक्ष शेजाऱ्याचं.

कूलर.
पाणी भरायच्या आधी प्लग काढायचा.
बटण नाही, प्लग.
सक्करदऱ्याला एक घर होतं,
तिथले युनिट एका उन्हाळ्यात
अचानक निम्म्यावर आले.
मी विचारलं नाही. आकडा लिहिला.

पगार झाला की आधी हप्ता, मग विमा,
मग थोडं बाजूला, हात लावायचा नाही असं.
सहा महिने घर चालेल एवढं साठेपर्यंत
सोफा जुनाच राहू दे.
नॉमिनीच्या रकान्यात अजून माझं नाव असेल
तर बदल. रांगेत मी तुझ्यापुढे आहे.
आणि कागद खालच्या कप्प्यात नको.
नाल्याचं पाणी घरात शिरलं त्या वर्षी
तुझ्या मावशीनं घराचं विक्रीपत्र
गच्चीवर पापडांसारखं वाळत घातलं होतं,
चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवून.

आता ते, जे मी सांगत नव्हतो.

मारबत निघाली त्या संध्याकाळी मेसेज आला.
बिल थकलं आहे, आज रात्री साडेनऊला लाइन कापू,
या साहेबांशी बोला.
चौतीस वर्षं खात्यात काढली, पोरी.
रात्री कोणी लाइन कापायला येत नाही
हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक?
बिलही भरलेलं होतं, पावती खिळ्याला टोचलेली.
पण आवाज ओळखीचा वाटला,
आमच्या साहेबांसारखा, खालच्याला दरडावणारा,
आणि मी उभा राहून 'जी सर' म्हणालो.
त्यानं ॲप टाकायला लावलं, टाकलं.
दहा रुपये भरा म्हणाला, भरले.
मग फोनचा पडदा आपोआप हलायला लागला,
बंद घराच्या मीटरचं चाक फिरावं तसा.
शेहेचाळीस हजार तीनशे.

त्याला अकरा मिनिटं लागली,
मला तोंड उघडायला चार दिवस.
तुझ्या आईसमोर जेवत होतो, पेपर वाचत होतो,
मीटरवाल्याला मीटरचं नाव सांगून लुटलं
हे कोणत्या तोंडानं सांगणार?
ठाण्यातली पोरगी तुझ्याच वयाची.
पहिल्या तासात एकोणीसशे तीसला फोन लावला असता
तर काही तरी थांबवता आलं असतं काका, म्हणाली,
आणि खुर्ची पुढे केली.
आईनं सगळं ऐकून घेतलं. चहा ठेवला.
"तरीच! रविवारचं सावजी काहून नको म्हणत होते, वाटलंच मला."
तेवढंच.

तेव्हा ओटीपी कोणाला सांगू नको हे तर आहेच,
ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.
मी दुसरं सांगतो.
काही गेलं तर त्याच घटकेला सांग.
बँकेला सांग, नवऱ्याला सांग, मला सांग.
किती गेलं ते मी नंतर विचारीन.
आधी चपला घालीन.
बेसाला जाणारी शेवटची बस किती वाजता असते
ते विचारून ठेवलंय.